आपल्या सरकारशी बिनसलेल्या हुकूमशाही देशात पर्यटक म्हणून जावे का?

आडवाट

नमस्कार. महाविद्यालयात एकत्र शिकलेल्या आम्हा काही मित्रमैत्रिणींचा एक बेत बरीच वर्षे रखडलेला आहे. इराणमधील इस्फहानचा नक्श-ए-जहान चौक, शिराझ आणि पर्सेपोलिसचे अवशेष पाहायचे, आणि पुढे कधीतरी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा ९,२८९ किलोमीटरचा रेल्वेप्रवास करायचा, असा तो बेत. आजच तिकिटे काढायची नाहीत. परिस्थिती निवळल्यावर जायचे, की हा विचार कायमचा सोडून द्यायचा, एवढेच ठरवायचे आहे.

गटातील तिघांकडे भारतीय पासपोर्ट आहे, एक मित्र ब्रिटिश नागरिक झाला आहे, आणि एक मैत्रीण जन्माने इराणी असून आता तिच्याकडे स्वीडनचे नागरिकत्व आहे. एका बाजूचे म्हणणे असे की आपण पत्रकार नाही, कार्यकर्ते नाही, कोणत्याही सरकारविरुद्ध जाहीरपणे बोललेलो नाही. घुमट आणि निळ्या फरशा पाहून परत येणाऱ्यांच्या वाटेला कोण कशाला जाईल? कर नाही त्याला डर कशाला? दुसरी बाजू उत्तर कोरियात पर्यटक म्हणून गेलेल्या ओटो वॉर्मबियर या अमेरिकी विद्यार्थ्याकडे बोट दाखवते. प्रचाराचा फलक चोरण्याचा प्रयत्न केल्याच्या आरोपावरून त्याला २०१६ मध्ये १५ वर्षे सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि जून २०१७ मध्ये बेशुद्धावस्थेत मायदेशी आणल्यावर काही दिवसांतच त्याचा मृत्यू झाला.

साध्या पर्यटकाला खरोखर किती धोका असतो, तो आम्हा सर्वांना सारखाच आहे का, आणि फोन व समाजमाध्यमांचे काय करावे, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

सीमोल्लंघन

आपण उद्धृत केलेल्या म्हणीत एक गृहीतक दडलेले आहे: अटक होते ती कृत्याबद्दल. न्यायालय सरकारच्या मुठीत नसते तिथे हे बऱ्याच अंशी खरे ठरते. ज्या राजवटी परदेशी नागरिकांना वाटाघाटीतील मोहरे मानतात, तिथे आधी माणूस हवा असतो आणि कलम मागाहून शोधले जाते.

कॅनडाच्या दोन नागरिकांचे प्रकरण याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. १ डिसेंबर २०१८ रोजी व्हँकुव्हर विमानतळावर ह्वावे या चिनी कंपनीच्या मुख्य वित्त अधिकारी मंग वानझो यांना अमेरिकेच्या विनंतीवरून अटक झाली. १० डिसेंबरला चीनमध्ये मायकेल कोवरिग आणि मायकेल स्पेव्हर यांना राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली उचलण्यात आले. कोवरिग माजी राजनैतिक अधिकारी होते, तर स्पेव्हर उत्तर कोरियाच्या सहली आयोजित करणारे व्यावसायिक. या अटकांचा मंग प्रकरणाशी संबंध नाही, असे चीन जवळजवळ पावणेतीन वर्षे सांगत राहिला, आणि २४ सप्टेंबर २०२१ रोजी मंग यांची सुटका होताच त्याच दिवशी हे दोघेही विमानात बसले. त्या दोघांनी स्वतःच्या वागण्यात कितीही काळजी घेतली असती, तरी व्हँकुव्हरमध्ये काय होणार हे त्यांच्या हाती नव्हते.

इराणचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. नाझनिन झागरी-रॅटक्लिफ या ब्रिटिश-इराणी महिला नवरोजसाठी आईवडिलांकडे गेल्या होत्या. परत निघताना एप्रिल २०१६ मध्ये तेहरानच्या विमानतळावर, लहान मुलगी सोबत असताना, त्यांना अटक झाली. मार्च २०२२ मध्ये त्या सुटल्या, त्याच सुमारास ब्रिटनने इराणचे सुमारे ४० कोटी पौंडांचे जुने देणे चुकते केले. शाहच्या काळात, १९७० च्या दशकात, रणगाड्यांसाठी घेतलेले हे पैसे होते आणि १९७९ च्या क्रांतीनंतर बहुतेक रणगाडे इराणला दिलेच गेले नाहीत. नाझनिन यांच्या जन्माच्या आसपासचे हे भांडण. त्याचे व्याज मात्र त्यांनी सहा वर्षे फेडले.

निव्वळ पर्यटकाचे उदाहरण हवे असेल, तर फ्रान्सच्या बेंजामिन ब्रियेर यांचे पाहावे. आपल्या गाडीने इराणमध्ये फिरत असताना तुर्कमेनिस्तानच्या सीमेजवळच्या वाळवंटात ड्रोन उडवून छायाचित्रे घेतल्याबद्दल मे २०२० मध्ये त्यांना पकडले, हेरगिरीसाठी ८ वर्षांची आणि राजवटीविरुद्ध प्रचारासाठी आणखी ८ महिन्यांची शिक्षा सुनावली आणि मे २०२३ मध्ये सोडले. जून २०२५ मध्ये इराणवर झालेल्या हल्ल्यांनंतर तिथल्या यंत्रणांचा परदेशी लोकांवरील हेरगिरीचा संशय कमी झालेला नाही, उलट वाढलाच आहे.

खुष्कीचा मार्ग

वरील सर्व प्रकरणे खरी आहेत, परंतु ती लक्षात राहतात याचे कारणच ती विरळ आहेत. इराण, रशिया आणि चीनमध्ये दरवर्षी लाखो परदेशी जातात आणि आगतस्वागत अनुभवून सुखरूप परततात. त्यांच्याविषयी कोणी बातमी छापत नाही. सरकार आणि समाज यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायकारक वाटते. तिथले पर्यटन पूर्ण बंद झाले तर नुकसान होते ते वाटाड्यांचे आणि छोट्या निवासगृहांच्या मालकांचे, राजवटीचे नव्हे. शिवाय अनोळखी देशात रस्त्यावरील अपघातात सापडण्याची शक्यता अटकेच्या शक्यतेपेक्षा जास्तच असणार.

कलमदान

खुष्कीचा मार्ग यांचा मुद्दा संख्येपुरता मान्य आहे. मात्र अपघातात जखमी झालेल्या माणसाला रुग्णालय मिळते, नातेवाईक पोहोचतात, विमा कंपनीकडे दावा करता येतो. मनमानी अटकेत यापैकी काहीच हाती नसते. कमी शक्यता आणि बाहेर पडण्याचा मार्ग दुसऱ्यांच्या मर्जीवर, अशा धोक्याची तुलना अपघाताशी करता येत नाही. आणि ही शक्यता सर्वांना सारखी नसते, हे तर मूळ प्रश्नाचे मर्म आहे. तो धोका देश आणि पासपोर्ट या जोडीवर ठरतो.

भारतीय पासपोर्टवाल्यांचे इराणशी असलेले समीकरण ब्रिटिश मित्रापेक्षा बरेच सौम्य आहे. ब्रिटनचे परराष्ट्र खाते आपल्या नागरिकांना स्पष्ट सांगते की केवळ ब्रिटिश पासपोर्ट असणे किंवा ब्रिटनशी संबंध असणे हेही इराणमध्ये अटकेला पुरेसे कारण ठरू शकते. एवढ्या थेट शब्दांत सरकार सहसा बोलत नाही.

सर्वांत गंभीर स्थिती आपल्या मैत्रिणीची आहे. इराण दुहेरी नागरिकत्व मानत नाही; त्यांच्या लेखी ती इराणी नागरिकच, तिला इराणी पासपोर्टवरच प्रवेश करावा लागेल, आणि ती विवाहित असल्यास तो पासपोर्ट मिळवण्यासाठी पतीची संमती लागते. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६व्या अनुच्छेदानुसार अटकेतील परदेशी नागरिकाला आपल्या दूतावासाशी संपर्क साधण्याचा हक्क आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी हेही स्पष्ट केले की हेरगिरीचा आरोप असला तरी हा हक्क हिरावून घेता येत नाही. पण हे सारे ‘परदेशी’ माणसासाठी. यजमान देश जिला आपलीच नागरिक म्हणतो, तिच्या बाबतीत स्वीडनच्या राजदूताला दारातूनच परत पाठवले जाऊ शकते.

याचे परिणाम जून २०२४ मध्ये दिसले. तेहरानमध्ये अटकेत असलेले युरोपीय संघाचे स्वीडिश अधिकारी योहान फ्लोडेरस हे स्वीडनमध्ये जन्मठेप भोगणाऱ्या हमीद नूरी या माजी इराणी अधिकाऱ्याच्या बदल्यात सुटले. त्याच वेळी, २०१६ पासून कैदेत असलेले आणि फाशीची शिक्षा झालेले स्वीडिश-इराणी डॉक्टर अहमदरेझा जलाली मात्र मागेच राहिले. दोघांचाही पासपोर्ट स्वीडनचाच होता.

निळी शाई

फोनविषयी लिहितो, कारण लोक नेमके इथेच स्वतःची फसवणूक करून घेतात.

रशियाच्या सीमेवर होणारी तपासणी वरकरणी साधीच दिसते. अधिकारी फोनचे कुलूप उघडून मागतो आणि तो घेऊन दुसऱ्या खोलीत जातो. तिथे तो छायाचित्रे चाळतो, नुकत्याच काढून टाकलेल्या चित्रांचा कप्पाही उघडतो, टेलिग्रामवर आपण कोणत्या वाहिन्या वाचतो ते पाहतो आणि शोधाच्या चौकटीत दोनचार शब्द टाकून संदेश धुंडाळतो. ‘मी जाहीरपणे काही लिहिलेले नाही’ हा बचाव इथे निरुपयोगी आहे, कारण वाचला जातो तो खासगी पत्रव्यवहार. पूर्ण कोरा फोन नेणे हाही उपाय नव्हे, कारण वापराची खूण नसलेला फोन पाहून प्रश्न वाढतात. जुना, खरोखर वापरात असलेला, पण मोजकेच क्रमांक आणि खाती असलेला फोन त्यातल्या त्यात बरा.

एवढ्याने भागते असेही नाही. क्सेनिया करेलिना या रशियन-अमेरिकी तरुणीने युक्रेनला मदत करणाऱ्या अमेरिकेतील एका संस्थेला ५० डॉलरांच्या आसपास देणगी दिली होती. २०२४ च्या सुरुवातीला ती कुटुंबाला भेटायला गेली असता पकडली गेली, त्याच वर्षी राजद्रोहासाठी तिला १२ वर्षांची शिक्षा झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ती सुटली. राजद्रोहाचे कलम रशियन नागरिकालाच लागते, म्हणजे पुन्हा तोच दुहेरी नागरिकत्वाचा फास.

आणखी एक: कायदा मोडल्याचे निमित्त खरे असले तरी शिक्षेचे माप राजकारण ठरवू शकते. अमेरिकी बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर यांच्या सामानात रशियात एक ग्रॅमहून कमी गांजाचे तेल सापडले, ही गोष्ट त्यांनी स्वतः मान्य केली. शिक्षा झाली नऊ वर्षांची, आणि काही महिन्यांतच, डिसेंबर २०२२ मध्ये, त्यांच्या बदल्यात शस्त्रास्त्रांचा कुख्यात दलाल व्हिक्टर बूट याला सोडून देण्यात आले. त्यामुळे नेहमीची औषधेसुद्धा तिथल्या यादीत तपासूनच न्यावीत, आणि ड्रोन तर घरीच ठेवावा.

आडवाट

सर्वांचे आभार. मैत्रिणीने जाऊ नये, हे आता तिलाही पटले आहे. प्रश्न उरतो तो इतरांचा. ती आणि ब्रिटिश मित्र वगळून आम्ही तिघे गेलो, तर धोका पुरेसा कमी होतो का?

कलमदान

कमी नक्कीच होतो, शून्य होत नाही. आपल्या फोनमध्ये तिच्याशी झालेला पत्रव्यवहार असणारच. त्यात तिच्या इराणमधील नातेवाइकांची नावे किंवा तिथल्या राजवटीवरील तिची मते असतील, तर अडचणीत तिचे नातेवाईक येतील. तिच्या वतीने कोणाला भेटणे, पाकीट पोहोचवणे, औषधे देणे यांपैकी काहीही स्वीकारू नका, मग विनंती कितीही निरुपद्रवी असो. मला हा धोका पासपोर्टच्या धोक्यापेक्षा मोठा वाटतो.

विम्याच्या कागदपत्रांतील अपवादांची कलमे मात्र स्वतः वाचा, दलालाच्या शब्दावर जाऊ नका. सरकारने ‘जाऊ नका’ असे सांगितलेल्या देशात अनेक विमे लागूच होत नाहीत, आणि युद्धजन्य परिस्थिती बहुतेकांत वगळलेली असते. परदेशी बँकांची कार्डे इराणमध्ये चालत नाहीत. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी मार्च २०२२ पासून रशियातील व्यवहार थांबवल्यामुळे तिथेही तीच गत आहे. म्हणजे तिकीट बदलून तातडीने निघायची वेळ आली, तर खिशात रोख रक्कम हवी.

ब्रिटिश मित्राने पुढे कधी स्वतंत्रपणे जायचे ठरवलेच, तर त्याला एवढे सांगा की १ मार्च २०११ नंतर इराणला जाऊन आलेल्या व्यक्तीला अमेरिकेत व्हिसाविना प्रवेशाची सवलत मिळत नाही. त्याला दूतावासात मुलाखत देऊन रीतसर व्हिसा काढावा लागेल. त्याच्या नोकरीत अमेरिकेच्या फेऱ्या असतील तर बेत तिथेच अडेल.