पडून गेलेल्या कोकणी घराचा नकाशा आठवणींवरून कसा काढावा?

गडगा

रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं कौलारू घर. आधी छप्पर बसलं, मग भिंती. आता जांभ्याचं जोतं (घराचा चौथरा), विहीर आणि परसातला फणस एवढंच उरलंय. त्या घरात लहानपण गेलेली माणसं आज साठी ते पंच्याऐंशीच्या मधली आहेत. त्यांच्या आठवणींवरून खोल्यांचा आणि आवाराचा नकाशा करायचा आहे. भिंतीवर लावायचं चित्र नको, मापातला नकाशा हवा. पण ओटी कुणी वीस फूट सांगतं, कुणी तीस. माजघराला खिडकी होती की नव्हती यावर तर सरळ दोन तट. फोटो आहेत ते मुंजी-लग्नांतले, त्यांत माणसंच जास्त. सुरुवात कुठून करावी? आणि सरकारी कागदांत यातलं काही सापडतं का?

चिरेबंद

सुरुवात जोत्यापासून करा. माणसांकडे नंतर जा. फूट-इंच जमिनीला विचारायचे आणि कुठे काय होतं ते माणसांना. उलट केलंत तर वीस-तीसचा वाद मिटणार नाही.

जायचं ते एप्रिल-मे मध्ये. पावसानंतर गवत कमरेएवढं असतं, त्यात जोत्याची कडही दिसत नाही. पायात उंच बूट हवेत, कारण चिऱ्यांच्या फटीत फुरसं (विषारी साप) असू शकतं. विहिरीला कठडा नसेल तर तिच्याभोवती आधी दोरी बांधा, मग टेप काढा. जागा सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांना आधी कळवा. टेप घेऊन फिरणारा माणूस दिसला की गावात वाटणीची बातमी पसरते.

३० मीटरची टेप आणि दोन माणसं पुरतात. चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्णही मोजा. कर्ण सारखे नसतील तर जोतं काटकोनात नाही. जुन्या घरांत हे नेहमीचं आहे, ते कागदावर सरळ करू नका. विहीर, झाडं, गडग्याचे (आवाराच्या दगडी कुंपणाचे) कोपरे यांची अंतरं जोत्याच्या दोन ठरावीक कोपऱ्यांपासून घ्या. प्रत्येक खुणेला दोन अंतरं आणि ती कोणत्या बाजूला आहे एवढी नोंद असली की कंपासाने तिची जागा बरोबर येते.

मग जोत्यावर काय उरलंय ते बघा. आतल्या भिंतींचा तळचा थर बहुधा असतो. खांबांचे तळखडे (खांबाखालचे दगड) दिसले तर दोन तळखड्यांमधलं अंतर मोजा, तो तुमच्या घराचा खण. घरोघरी तो वेगळा असतो, पुस्तकातला धरू नका. चिरा किंवा मातीची जमीन भाजून लाल-काळी झालेली असेल तिथे चूल होती. उतार आणि पाणी जायची वाट ज्या टोकाला आहे तिकडे न्हाणी. जोत्यापासून दोन-तीन फुटांवर समांतर चर किंवा बारीक खड्यांची ओळ दिसली तर ती पागोळ्यांची, म्हणजे छपरावरून गळणाऱ्या पाण्याची. छप्पर भिंतीच्या किती बाहेर होतं हे तिच्यावरून कळतं. नीट दिसावं म्हणून झाडू मारा. खणू नका, चिरे हलवू नका.

सगळ्यात जास्त घोळ भिंतीच्या जाडीचा होतो. खोल्यांची आतली मापं मिळवून बेरीज केली की ती जोत्याशी जुळत नाही आणि दोष आठवणीवर येतो. एका ओळीत चार खोल्या असतील तर भिंती पाच. प्रत्येक भिंत १५ इंचांची धरली तरी ७५ इंच, म्हणजे सव्वासहा फूट भिंतींनीच खाल्ले. मातीच्या भिंती याहूनही जाड असतात.

शाईपेन

चिरेबंद यांच्याशी सहमत. माणसांना काय विचारायचं ते मी लिहिते.

"ओटी किती मोठी होती?" हा प्रश्नच विचारू नये. लहान मुलाच्या नजरेतली ओटी आहे ती, उत्तर मोठंच येणार. त्याऐवजी विचारा, पंगतीला एका ओळीत किती पानं मांडायचे? एका पानाला साधारण दोन फूट धरा. बारा पानं म्हणजे २४ फूट. दोन ओळी समोरासमोर बसत होत्या का? मधून वाढणारा सरळ चालायचा की अंग चोरून? यावरून रुंदी कळते. झोपाळा असेल तर त्याचा झोका भिंतीला लागायचा का, कोणत्या भिंतीला? पावसाळ्यात झोपायला किती अंथरुणं पडायची, आणि शेवटच्या माणसाचे पाय कुठे यायचे?

दुसरा प्रकार वाटेचा. "परसातून भिजून आलात, पाय धुतलेत, आता देवघरापर्यंत जा. कुठून जाल? कुठे वाकाल? उंबरठे किती ओलांडाल?" खोल्यांची यादी मागितली की माणूस चाचरतो, वाट विचारली की घडाघडा सांगतो. रात्रीची वाट वेगळी विचारा. कंदील कुठल्या खुंटीला होता, अंधारात हात कुठे टेकवायचा, यातून दारं आणि कोपरे निघतात. दार आत उघडायचं की बाहेर, कडी वर होती की खाली, हेही तिथेच विचारून घ्या.

प्रत्येकाला एकेकट्याने भेटा. चौघं एकत्र बसली की मोठ्या आवाजाच्या माणसाचं घर कागदावर येतं आणि बाकीच्यांनाही पुढे तेच आठवायला लागतं. तुमचा अर्धामुर्धा नकाशा आधी दाखवू नका. कोरा कागद द्या, त्यांच्या हातानं काढू द्या, वाकडा आला तरी. स्वयंपाकघर, माजघर, कोठी आणि परस यांसाठी बायकांचं ऐका. ओटी, पडवी आणि खळ्यासाठी (पुढच्या अंगणासाठी) पुरुषांचंही चालेल. जुन्या घरात ज्याचा वावर जिथे, त्याची आठवण तिथली पक्की.

खिडकीचा वाद सोडवायचा तर "खिडकी" हा शब्दच काढू नका, उजेडाचं विचारा. दुपारी माजघरात तांदूळ निवडताना दिवा लागायचा का? उजेड अंगावर कुठून यायचा? छपरात काचेचं कौल असू शकतं आणि त्याचा उजेड आठवणीत खिडकीचा होऊन बसतो. मात्र माजघरावर माळा असेल तर कौलाचा उजेड खाली पोचणार नाही. म्हणून आधी माळा कुठून कुठपर्यंत होता आणि त्याचा जिना किंवा शिडी कुठे, हे पक्कं करा.

पागोळी

एक गोष्ट राहिली: कोणत्या सालचं घर काढताय? साठीच्या आणि पंच्याऐंशीच्या माणसाचं लहानपण एका घरात गेलं तरी घर एक नव्हतं. गोठा मागे सरकतो, पडवीची भिंत घालून खोली होते, न्हाणी आत येते. मतभेदांतले बरेचसे असे काळाचे असतात.

लोकांना साल आठवत नाही, प्रसंग आठवतात. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७) झाला तेव्हा कुठे झोपला होतात? घरात वीज आली तेव्हा पहिला दिवा कुठे लागला? आणीबाणीच्या वेळी गोठ्यात गुरं होती का? अलीकडचं विचारायचं तर २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ. त्यात काय उडालं, काय पडलं हे लख्ख आठवतं. अशा खुणांवर दोन किंवा तीन थर करा आणि प्रत्येक थर वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर काढा.

ढिगाऱ्यात मंगलोरी कौलं सापडतील. त्यांवर कारखान्याच्या नावाबरोबर १८६५ असा आकडा दिसला तर घर तेव्हाचं समजू नका. ते बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या कौल कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे आणि ते पुढे अनेक वर्षं छापलं जात होतं. शिवाय आधी नळीची कौलं किंवा गवताचं शाकारलेलं छप्पर असून मंगलोरी नंतर चढलेली असू शकतात. म्हणजे कौलाने घराचं वय ठरत नाही.

पण फोटोत माप काढायला हेच कौल उत्तम. छपरावर एका मंगलोरी कौलाची दिसणारी रुंदी सुमारे ८ इंच आणि उतारावरची लांबी साडेबारा इंचांच्या आसपास असते. ढिगाऱ्यातलं एक अखंड कौल मोजून खात्री करा, मग फोटोत दिसणाऱ्या ओळी मोजा. मुंजीच्या फोटोत माणसांच्या मागे बघा: चौकट, खुंट्या, कोनाडा, पायऱ्या. छोटे फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन केले तर कोपऱ्यातलं बरंच दिसतं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट स्कॅन करा. दाराच्या उंचीवरून माप काढताना मात्र जपून, आजचं ७ फुटी दार धरू नका. जुनी आतली दारं वाकून जाण्याइतकी ठेंगणी असत, आणि तेवढ्यावरून अख्खी खोली फुगते.

फेरफार

कागदांचं थोडक्यात. सातबाऱ्यावर खोल्या सापडणार नाहीत, ती जमिनीची नोंद. घर गावठाणात असेल तर सातबाराही नसतो. ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीत (नमुना ८) घर क्रमांक, मालकाचं नाव, बांधकामाचा प्रकार आणि क्षेत्रफळ मिळतं. जुन्या आकारणीच्या वह्या मागा. दोन आकारण्यांत क्षेत्रफळ बदललेलं दिसलं तर त्या दरम्यान काहीतरी वाढवलं किंवा पाडलं. कर वाचवायला क्षेत्रफळ कमी लावून घेतलेलं असतं हेही लक्षात ठेवा, जोत्याशी ताडून बघा.

खरा खजिना म्हणजे वाटणीपत्र. भावांत घर वाटलं गेलं असेल तर "पूर्वेकडील दोन खण, त्यावरील माळा, न्हाणीकडे जाण्यायेण्याचा हक्क" अशा भाषेत सगळं घर लिहिलेलं असतं, चतुःसीमेसकट. नोंदणीकृत असेल तर दुय्यम निबंधकांकडे नक्कल मिळू शकते. फार जुना दस्त मोडी लिपीत असेल, तर तो वाचणारा माणूस गाठावा लागेल. स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली, पण तो नकाशा आजच्या बांधकामाचा. पडलेल्या घराच्या खोल्या त्यातून कळणार नाहीत.

गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं बघायची सोय आहे. छप्पर उभं असतानाचं उन्हाळ्यातलं एखादं चित्र मिळालं तर आढ्याची दिशा आणि गोठ्याचं वेगळं छप्पर दिसेल. पावसाळ्यातली चित्रं ढगांनी वाया जातात.

गडगा

सगळ्यांचे आभार. एक अडचण. दोन मावश्या बाळंतिणीच्या खोलीवरून अडल्यात. एक म्हणते ती माजघराला लागून, दुसरी म्हणते देवघराच्या मागे. दोघींनाही वेगवेगळं विचारलं, दोघी ठाम.

शाईपेन

सरासरी काढू नका, दोन्ही नोंदी ठेवा. मग प्रत्येकीला विचारा: त्या खोलीत कोणतं बाळ आठवतं? गरम पाणी कुठून आणायचे? शेगडी आणि बाजलं कुठे असायचं? बाळाच्या वयावरून साल निघेल. बाळंतिणीची खोली न्हाणीजवळ असणं सोयीचं, तेव्हा जोत्यावर न्हाणीच्या बाजूला कोणती लहान खोली आहे ते बघा. आणखी एक शक्यता. बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली की या खोलीची कोठी होते, पण नाव मागे राहतं किंवा दुसऱ्या खोलीला चिकटतं. म्हणून नकाशात खोलीला एकच नाव देऊ नका. "आधी बाळंतिणीची, नंतर कोठी" असं लिहा आणि शेजारी सांगणाऱ्याचं आद्याक्षर.

चिरेबंद

कागदाबद्दल: घर १:५० ला काढा. ए३ कागदावर २१ मीटर बाय सुमारे १५ मीटर मावतं, एवढ्यात बहुतेक घरं बसतात. आवार वेगळ्या कागदावर, १:२०० ला. त्यात विहीर, फणस, गडगा, बेडं (आवाराचं फाटक), पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), उकिरडा आणि पाटाची वाट येऊ द्या. आगरातले माड उभे असतील तर प्रत्येक माडाची जागा घ्या. मेलेल्या माडाचं आळं किंवा खड्डाही मोजा, कारण माणसं "तिसऱ्या माडापाशी" अशाच खुणा सांगतात. फणसाच्या आजच्या घेरावरून मात्र तेव्हाच्या सावलीचा अंदाज बांधू नका.

रेघा तीन प्रकारच्या ठेवा. जोत्यावर मोजलेली भिंत अखंड रेघेने, दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेली तुटक रेघेने, एकट्यानेच सांगितलेली ठिपक्यांनी. शाई फक्त अखंड रेघेला, बाकी पेन्सिल. आता नकाशा सगळ्यांना एकत्र दाखवायला हरकत नाही. पण त्या बैठकीत निघालेली दुरुस्ती वेगळ्या रंगात करा, आधीची खोडू नका.