शब्दचर्चा: ‘श्यू-लाओ’ला मराठीत काय म्हणावं?

माझी धाकटी बहीण सिंगापूरला असते. दोन वर्षांपूर्वी ताप आला, तो गेला, पण थकवा राहिला. तपासण्यांमध्ये काही सापडत नाही. डॉक्टरांचे उपचार चालू ठेवून ती एका चिनी वैद्यांकडेही जाते. त्यांनी इंग्रजीत लिहून दिलेलं निदान मी आईला मराठीत सांगितलं: ‘प्लीहेच्या ऊर्जेची कमतरता, त्यातून आलेला अशक्तपणा.’ आईने लगेच विचारलं, ‘पांथरी सुजलीय का तिची?’ आमच्याकडे हिवतापात पांथरी वाढलेली माणसं तिने पाहिलीत. रात्रभर ती झोपली नाही.

चूक माझ्या शब्दांची होती. मूळ चिनी शब्द बहिणीकडून मागवले: प्लीहेला ‘फी’, ऊर्जेला ‘छी’ आणि अशक्तपणाला ‘श्यू-लाओ’. यांना मराठीत काय म्हणावं? ‘अशक्तपणा’ मला पटत नाही. अशक्तपणाला आपण टॉनिक आणतो आणि विषय संपवतो.

⁂

ताई, मी बरीच वर्षं चिनी शिकवतो, म्हणून आधी अक्षरांकडे बघू. ‘श्यू’ म्हणजे रिकामं, पोकळ. ‘लाओ’ म्हणजे राबणं, कष्ट. कामगार दिनाच्या चिनी नावातही हाच लाओ आहे. जुन्या वळणाच्या अक्षरात वर दोन ज्वाळा आणि खाली ‘बळ’ हे चिन्ह असतं. म्हणजे शब्दशः ‘राबून आलेलं रितेपण’. नुसत्या थकव्याला चिनीत वेगळे शब्द आहेत. हा शब्द थकवा कुठून आला आणि आत काय उरलं, हेही सांगतो.

शब्द जुना आहे. चीनमध्ये हान राजवटीच्या अखेरीस, सुमारे अठराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या चांग चुंगचिंग या वैद्याच्या ग्रंथात श्यू-लाओवर प्रकरण आहे. त्यातला एक काढा पाहा: दालचिनी, आलं, ज्येष्ठमध, खजुरासारखं एक फळ, एका फुलझाडाचं मूळ आणि धान्यापासून केलेली साखर. नावाचा अर्थ ‘मध्य उभारणारा’. मध्य म्हणजे पोट, पचन.

‘फी’ म्हणजे तुम्ही सांगितलेली प्लीहाच. शरीरशास्त्रात तो अवयव पांथरीच, पण चिनी वैद्यकात फी अन्नातून बळ तयार करते आणि ते अंगभर पोचवते. तिथे ‘फीची छी रिती’ म्हटलं तर सोनोग्राफीत काही दिसायचं नाही. १२३२ साली मंगोलांनी खायफंग या चिनी शहराला वेढा घातला. त्यानंतर शहरात माणसं तापाने पटापट मेली. ली तुंगयुआन या वैद्याचं म्हणणं असं की हा बाहेरून आलेला रोग नव्हे, उपासमार, भीती आणि अतिश्रम यांनी लोकांची फी आणि जठर खचलं होतं. त्याचा ‘मध्याला भर घालून छी वाढवणारा’ काढा जपानमध्ये आजही डॉक्टर लिहून देतात. तेव्हा आईंना ‘पांथरी’ नका सांगू. ‘पचनाचं बळ खचलंय’ म्हणा, ते मुळाच्या जास्त जवळ आहे.

आता एक गंमत, गंमत कसली, अडचणच सांगतो. रोजच्या चिनीत ‘फी-छी’ म्हणजे माणसाचा स्वभाव, तापटपणा. आणि ‘हृदय श्यू’ म्हणजे मनात चोर असणं. त्यामुळे शब्दाला शब्द लावत गेलात तर चिनी माणसालाही तुमचं वाक्य भलतंच वाटेल.

⁂

श्यू-लाओला ‘क्षय’ हा शब्द चालला असता, झिजणं हाच त्याचा अर्थ. पण मराठीत क्षय म्हणजे टीबी, दुसरं काही नाही. आईंना तो शब्द चुकूनही ऐकवू नका.

⁂

चिनीतही तसंच झालं आहे! ‘लाओ’ला आजाराचं चिन्ह जोडून केलेला शब्द पुढे टीबीसाठीच रूढ झाला. ‘फुप्फुसाचा लाओ’ म्हणजे टीबी.

⁂

आयुर्वेदात ‘क्लम’ आहे. सुश्रुताने तो श्रमापासून वेगळा काढला आहे: काहीही कष्ट न करता देहात वाढत जाणारा थकवा, ज्यात धाप लागत नाही आणि इंद्रियांना आपापली कामं नीट करता येत नाहीत. दीर्घ थकव्याच्या रुग्णांचं ‘डोकं चालत नाही, वाचलेलं कळत नाही’ हे गाऱ्हाणं यात चपखल बसतं. मात्र श्यू-लाओत राबणं आहे आणि क्लमाच्या व्याख्येतच ते नाही. एकाला दुसऱ्याचा प्रतिशब्द करू नये.

⁂

मी स्वतः दीर्घ थकव्याच्या आजारातून जाते आहे, म्हणून लिहिते. ‘थकवा’ म्हटलं की लोक म्हणतात, आम्हीही थकतो. आमच्यात थोडं जास्त काम झालं की दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी अंग कोसळतं आणि झोपून भरून येत नाही. ‘दमणं’ हा शब्द इथे अगदी चुकीचा. दमलेला माणूस बसला की दम परत येतो. ‘शीण’ बरा, कारण शीण साठतो. ‘रिता शीण’ म्हणून पाहा. आणि ताई, श्यू-लाओ म्हणजेच आजचा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, असं कुठे लिहू नका. हे इंग्रजी नाव १९८८ चं, त्याचे निकष वेगळे आहेत. काढ्यांची माहितीही डॉक्टरांना द्यायला सांगा. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो.

⁂

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘रिता शीण’ मी घेते आहे. आईला काल सांगितलं, ‘आजारपणात राबून तिचं अंग रितं झालंय, वैद्य पचनापासून भरून काढू म्हणतात.’ तिने पांथरीचं नाव काढलं नाही, बहीण भात खाते का एवढंच विचारलं.

राहिली ‘छी’. ‘ची’ लिहिलं तर वाक्यात प्रत्ययाशी गोंधळ होतो, ‘छीची कमतरता’ वाचवत नाही. ‘प्राण’ फार मोठा, ‘ऊर्जा’ विजेच्या बिलासारखी. मला ‘त्राण’ सुचतंय. ‘अंगात त्राण नाही’ हे आपण म्हणतोच.

⁂

त्राण उत्तम! संस्कृतात त्राण म्हणजे रक्षण. चिनी वैद्यकात छीचा एक प्रकार अंगावर पहारा देतो, बाहेरचा रोग आत येऊ देत नाही. दोन्ही अर्थ एका शब्दात आले. फक्त छी ‘अडकते’ असंही ते म्हणतात, आणि मराठीत त्राण नसतं किंवा जातं, अडकत कधी नाही. तिथे ‘वारा’ म्हणावं लागेल.