लाल बावटा कलापथकातील दोन गीतकार: अण्णा भाऊ आणि अमर शेख यांची तुलना कशी करावी?

कृष्णाकाठ (तालुका वाळवा)

येत्या १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठे यांच्या जयंतीनिमित्त आमच्या गावच्या वाचनालयात लाल बावटा कलापथकाच्या, म्हणजे कम्युनिस्ट चळवळीतल्या शाहिरांच्या पथकाच्या, गीतांचा कार्यक्रम व्हायचा आहे आणि त्याचे निवेदन लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. तयारीच्या बैठकीत बहुतेकांचा सूर असा होता की अण्णा भाऊंनी लिहायचे आणि अमर शेखांनी गायचे, एवढीच त्या पथकातील वाटणी होती; तेव्हा गीतकार म्हणून दोघांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. मला हे पटत नाही, कारण अमर शेखांचे ‘अमरगीत’, ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे संग्रह असताना त्यांना केवळ गायक कसे म्हणावे? वाटेगाव आमच्याच तालुक्यातले असल्यामुळे अण्णा भाऊंविषयी इथे जिव्हाळा असणारच, पण त्या जिव्हाळ्यापायी बार्शीच्या शाहिरावर, म्हणजे अमर शेखांवर, अन्याय होऊ नये असे मला मनापासून वाटते. एकाच पथकात उभे राहून लिहिणाऱ्या या दोघांना कोणत्या कसोटीवर पारखावे, हे जाणकारांनी सांगावे.

वारणाकाठ (शिराळा)

आपली शंका रास्त आहे. १९४४ साली कलापथक उभे राहिले तेव्हा अण्णा भाऊ, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर हे तिघेही लिहीत होते आणि तिघेही गात होते, त्यामुळे बैठकीत सांगितली गेलेली वाटणी मुळातच टिकत नाही. माझ्या मते दोघांमधला खरा फरक, गीत कोणाच्या तोंडी घातले आहे, या प्रश्नात आहे.

अण्णा भाऊ तमाशातून आले. नात्यातल्या बापू साठे यांच्या फडात त्यांनी काम केले होते, आणि फडात वावरलेल्या माणसाला हे पक्के ठाऊक असते की बोलणारा तो स्वतः नसून त्याने घेतलेले सोंग आहे. म्हणून त्यांच्या गीतात बहुधा एखादे पात्र उभे असते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड (तमाशातला लावणीच्या वळणाचा गीतप्रकार) घ्या. भल्या पहाटे भाकरतुकडा बांधून मुंबईला निघालेला गडी आहे, त्याला गावदरीपर्यंत पोचवायला आलेली बायको आहे, आणि तिची समजूत काढताना तो कोल्हापुरी साज, वज्रटीक आणि शिंदेशाही तोड्यांची बोली करतो आहे, जे सारे आपल्याच्याने होणार नाही हे त्याला आणि तिलाही कळते. आपल्या भागातून गिरणीत गेलेल्या कुठल्याही घरात हा निरोप घडलेला आहे. या गड्याची ओळख पुरती पटल्यावरच अण्णा भाऊ त्याच्या तोंडून बेळगाव, कारवार, निपाणीचे नाव काढतात, आणि बायकोच्या ताटातुटीशी खंडित महाराष्ट्राची गाठ घालतात. राजकारण आधी सांगितले असते तर ते भाषण झाले असते. मुंबईच्या लावणीतही हीच हातोटी दिसते. शृंगारासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात त्यांनी मलबार हिल आणि परळ समोरासमोर बसवले.

अमर शेखांचे तसे नाही. महबूब हुसेन पटेल हे त्यांचे मूळ नाव. मोटारीवर क्लीनर, मग गिरणीत कामगार, मग संपात पुढाकार आणि विसापूरचा तुरुंग असा त्यांचा प्रवास झाला, आणि त्यांच्या गीतातला ‘मी’ हा बहुतेक वेळा तेच स्वतः असतात, तर ‘आम्ही’ म्हणजे समोर बसलेली सभा. तिथे पात्र नसते, हाक असते. छापील पानावर अशी ओळ कधी कधी उघडीबोडकी वाटते, कारण तिचा अर्धा ऐवज त्यांच्या पहाडी आवाजात होता. म्हणूनच अण्णा भाऊंचे गीत कोणत्याही गळ्यात जाऊन बसते, आणि अमर शेखांचे गीत त्यांच्यासारखा गळा मागते. हा गुणांचा कमीजास्तपणा नाही, परंतु एकाची गीते गावोगाव का उरली आणि दुसऱ्याची का मागे पडली याचे कारण मला यातच दिसते.

ढोलकीवाला (तासगाव)

मी छक्कड आणि पोवाड्याला साथ करतो, म्हणून फक्त तालापुरते सांगतो. ‘मैने’त एका पाठोपाठ एक छोटे तुकडे येतात आणि जवळजवळ प्रत्येक तुकडा ‘ची’वर संपतो. गाणाऱ्याने मध्ये दम घेतला की ती माळ तुटते. ढोलकीने इथे हात आवरता ठेवायचा, तुणतुण्याने सूर धरून राहायचे आणि धृपद आले की झीलकऱ्यांनी, म्हणजे मागून साथीला गाणाऱ्यांनी, ते वरच्या पट्टीत उचलायचे, तेव्हाच ढोलकी मोकळी सोडायची. ही रचना टेबलावर बसून होत नाही. झील कुठे पडणार आणि हात कुठे थांबणार हे लिहिणाऱ्याला आधीच दिसत असले पाहिजे.

अमर शेखांच्या गीतांना डफ अधिक शोभतो. त्यांची चाल मोर्चात पाय पडतात तशी सरळ असते, आणि झील तिथे पथकातल्या दोघातिघांनी नव्हे तर साऱ्या जमावाने द्यायची असते. आपल्या कार्यक्रमात दोघेच झीलकरी असतील तर ही गीते अवघड जातील, म्हणून श्रोत्यांना धृपद आधी शिकवून ठेवावे.

एक वाचक (मिरज)

वरील विवेचन मला आवडले, मात्र एका ठिकाणी माझा स्पष्ट मतभेद आहे. अमर शेखांची गीते त्यांच्या गळ्यावाचून अपुरी आहेत असे म्हटले की आपण वेगळ्या वाटेने पुन्हा बैठकीतल्या मतावरच येतो, म्हणजे ते गायकच ठरतात. ‘कलश’ १९५८ चा आणि ‘धरतीमाता’ १९६३ चा. या कविता वाचण्यासाठी लिहिलेल्या आहेत. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचे मायकोव्हस्की (रशियन क्रांतीचा कवी) म्हटले ते केवळ आवाजासाठी नव्हे.

दुसरे असे की तुलना करताना काळ वेगळा काढावा लागेल. स्टालिनग्राडचा पोवाडा, बंगालच्या दुष्काळावरचा पोवाडा, अमळनेरच्या हुतात्म्यांवरचा पोवाडा ही अण्णा भाऊंची १९४० नंतरच्या दशकातली कामगिरी आहे. पुढे त्यांची लेखणी कथा-कादंबरीकडे अधिक वळली आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ आली. अमर शेख मात्र अखेरपर्यंत कविता आणि गाणे सोडून कुठे गेले नाहीत. एकाची कादंबरीकार म्हणून झालेली कीर्ती त्याच्या गीतांच्या पारड्यात टाकायची आणि मग दुसऱ्याचे पारडे हलके म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. दोघेही १९६९ सालीच गेले, अण्णा भाऊ १८ जुलैला आणि अमर शेख २९ ऑगस्टला, इंदापूरजवळच्या अपघातात. पण स्मरण आपण एकाचेच नेमाने करतो.

निवेदनासाठी एक छोटी सूचना: काही जुन्या लेखनात वाटेगावचा उल्लेख सातारा जिल्ह्यात सापडेल. अण्णा भाऊंच्या जन्मावेळी, १९२० साली, ते खरेच होते; दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले.

वारणाकाठ (शिराळा)

काळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि निवेदनात तो यायलाच हवा. तरीही ‘कलश’मधली कविता आणि सभेत म्हणण्यासाठी रचलेले गीत ही दोन वेगळी कामे आहेत, आणि कलापथकापुरते बोलायचे तर माझे मत कायम आहे. कार्यक्रमात ‘कलश’मधली एखादी कविता कोणत्याही वाद्याशिवाय, नुसती वाचून दाखवावी, म्हणजे आपल्या बैठकीतल्या मंडळींना आपोआप उत्तर मिळेल.

कृष्णाकाठ (तालुका वाळवा)

सर्वांचे आभार. आता क्रम असा धरला आहे: सुरुवातीला स्टालिनग्राडच्या पोवाड्यातला एक चौक (कडव्यांचा एक भाग), मग अमर शेखांची एक कविता वाचून आणि दोन गीते डफावर, ज्यांचे धृपद शाळेतील मुलांकडून आधी बसवून घेऊ. ‘मैना’ सर्वांत शेवटी ठेवतो, कारण तिच्यानंतर दुसरे गीत उभे राहत नाही. तिच्या निवेदनात शब्द अण्णा भाऊंचे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून ते पोचवणाऱ्यांत अमर शेख होते, अशी दोन्ही नावे एकाच वाक्यात घेतली जातील.