समितीने ८५ टक्क्यांचा नियम अडवला होता ना, मग तो आला कसा?

टपरीवाल्याची पोर (नगर)

पप्पांची नगरला पानटपरी होती. सिगारेटच्या पाकिटावर एकाच बाजूला ४० टक्के जागेत ते भयाण चित्र असायचं, तेव्हा पप्पा सगळी पाकिटं उलटी मांडायचे. चित्र भिंतीकडे, कोरी बाजू गिऱ्हाइकाकडे. २०१६च्या उन्हाळ्यात दोन्ही बाजूंना ८५ टक्के चित्र-मजकूर असलेला माल आला. पप्पांनी पाकीट दोन-तीनदा फिरवलं आणि म्हणाले, "आता हे लावायचं कसं गं?"

आता राज्यसेवेचा अभ्यास करतेय. दुय्यम विधिविधान समितीवर पुस्तकात एवढंच आहे की नियम मूळ कायद्याला धरून आहेत का, हे ती बघते. शोधत गेले तर कळलं की या नियमाच्या वेळी लोकसभेच्या त्या समितीचे अध्यक्ष आमच्याच नगरचे खासदार दिलीप गांधी होते. तंबाखूने कॅन्सर होतो असा भारतातला अभ्यास नाही, सगळे परदेशातले, असं ते तेव्हा म्हणाले होते. हे बघणं समितीचं काम होतं का? आणि समितीने 'थांबा' म्हटलं की सरकारला थांबावंच लागतं?

निवृत्त कक्ष अधिकारी

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. नाही. समिती शिफारस करते, हुकूम देत नाही.

आता क्रम बघा. मूळ कायदा २००३चा, सिगारेट-तंबाखूवरचा, आपण त्याला कोटपा म्हणतो. पाकिटावर इशारा हवा हे संसदेने ठरवलं. किती मोठा, कुठलं चित्र, हे नियमांवर सोडलं. आरोग्य मंत्रालयाने १५ ऑक्टोबर २०१४ला नियम काढला : ६० टक्के चित्र, २५ टक्के मजकूर, लागू १ एप्रिल २०१५पासून. असे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ३० दिवस ठेवावे लागतात. सभागृहांना ते बदलता येतात, रद्दही करता येतात. प्रत्यक्षात पटलावर रोज एवढा कागद पडतो की तो उघडून बघणारा विरळाच. म्हणून ही पंधरा जणांची समिती.

तिचं काम म्हणजे मंत्रालयाने कायद्याने दिलेल्या हद्दीबाहेर पाय टाकला का, एवढं बघणं. धोरण बरोबर की चूक, हे नव्हे. मार्च २०१५मध्ये अंतरिम अहवाल आला की रोजगारावर काय परिणाम होईल ते तपासा, तोवर नियम थांबवा. माझ्या मते तिथे समितीने आपली वेस ओलांडली. पण २६ मार्चला सरकारनेच अधिसूचना काढून नियम पुढे ढकलला. ढकलायलाच हवा असं बंधन नव्हतं. उत्तरदायी कोण म्हणाल, तर तिथे मंत्रालयच.

दाढदुखी

मी दंतवैद्य आहे, कायद्यातलं कळत नाही. तारखा मात्र कळतात. १६ फेब्रुवारी २०१५ला आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरने गेले. महिन्याभरात हा अहवाल. भारतातला अभ्यास हवा होता तर आमच्या खुर्चीशेजारी एक दुपार बसायचं होतं. तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही असे पंचविशीतले पोरगे येतात, आणि विचारलं तर "कधीतरी खातो."

अम्माची लेक, सोलापूर

सगळे समितीला शिव्या देताय म्हणून लिहिते. आमची अम्मा तीस वर्षं बिड्या वळते. मजुरी हजारामागे, त्यातून खराब म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे जातात. धंदा बसला तर आम्ही काय करायचं, हे दिल्लीत कुणी विचारलं तर मला राग येत नाही.

राग दुसऱ्या गोष्टीचा येतो. त्या समितीत अलाहाबादचे खासदार श्यामाचरण गुप्ता बसले होते, स्वतः बिडीचे मोठे कारखानदार. नाव अम्माच्या पोटाचं, खुर्चीवर मालक. अम्माला हे सांगितलं तर ती तेलुगूत काहीतरी बोलली, इथे लिहीत नाही.

निवृत्त कक्ष अधिकारी

@अम्माची लेक, नेमकं बोललात. सदस्याचा आर्थिक हितसंबंध असेल तर त्याच्या समितीत असण्यावर हरकत घेता येते, निर्णय अध्यक्षांचा, म्हणजे लोकसभेच्या. पण हरकत घ्यायला आधी कुणाला तरी वाटायला हवं ना. इथे वर्तमानपत्रांत बोंब झाली तेव्हा देशाला कळलं.

पुढचं थोडक्यात. राजस्थान उच्च न्यायालयात प्रकरण गेलं, सप्टेंबर २०१५मध्ये नवी अधिसूचना निघाली, नियम १ एप्रिल २०१६पासून लागू. मधल्या मार्चमध्ये समितीचा अंतिम अहवाल आला, ५० टक्के पुरे म्हणून. या खेपेला सरकारने ऐकलं नाही. मग कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये नियम रद्द केला आणि जानेवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

टपरीवाल्याची पोर (नगर)

धन्यवाद काका. म्हणजे एकच समिती, एकच नियम, आणि सरकारने एकदा ऐकलं, एकदा नाही. परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील का माहीत नाही :)

पप्पांनी एप्रिल २०१६चं आणखी एक सांगितलं. तेव्हा सिगारेट कंपन्यांनी कारखानेच बंद ठेवले होते. मालाची ओरड झाली आणि जुनं पाकीट जपून ठेवणारी गिऱ्हाइकं निघाली. नव्यातल्या सिगारेटी जुन्यात भरायचे!

अजून एक. आपल्याकडे गुटखाबंदी २०१२ची, पण दरवर्षी जुलैत नवा आदेश का निघतो? तोही पटलावर जातो का?

निवृत्त कक्ष अधिकारी

तो अन्नसुरक्षा कायद्याखालचा आयुक्तांचा आदेश. कायद्यानेच कमाल मुदत एक वर्ष, म्हणून दरवर्षी नव्याने. तो नियम नाही, आदेश आहे, त्यामुळे पटलाचा प्रश्न येत नाही. एखाद्या आमदाराने तारांकित प्रश्न टाकला तर चर्चा, नाहीतर राजपत्रात छापून मोकळे.