[मंडळ] पबच्या धुराड्याचा अर्ज : कॉमेंट शुक्रवारपर्यंतच

प्रेषक: ताई (सचिव)
मंगळवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

लॅम्पपोस्टवरचा पिवळा कागद, म्हणजे अर्जाची नोटीस, बहुतेकांनी पाहिला असेल. पबच्या किचनचा जुना डक्ट (धूर बाहेर नेणारं धुराडं) काढून नवा बसवायचा अर्ज कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, एकदाचा दाखल करून घेतला. कॉमेंट शुक्रवारपर्यंतच घेणार आहेत आणि आत्ता वेबसाइटवर सगळ्या विरोधाच्याच आहेत, मागच्या गल्लीतल्या. गणपतीत वडे तळताना गॅस बंद पडला होता तो या डक्टमधून धूर ओढणाऱ्या पंख्यापायीच. दिवाळीलाही आपल्याला तोच हॉल हवा आहे. खालचा मजकूर प्रत्येकाने नाव-पत्ता घालून पाठवावा:

"आमचं मंडळ अनेक वर्षं या पबच्या हॉलमध्ये सण साजरे करतं. मालक-मालकीणबाई अतिशय प्रेमळ आहेत. कृपया परवानगी द्यावी."

---
प्रेषक: अण्णा
मंगळवार, रात्री ९.५२

ताई, हे असं पाठवू नका. माझा जन्म डक्टिंगच्या कामात गेला म्हणून सांगतो. परवानगी जागेला मिळते, मालकाच्या स्वभावाला नाही. शिवाय एकाच मजकुराची पन्नास पत्रं गेली तरी ऑफिसरच्या लेखी मुद्दा एकच.

वास, आवाज, उंची आणि बाहेरून दिसणं यांवर लिहा. नकाशे उघडून बघा. आत्ताचा डक्ट मागच्या भिंतीतून पन्हाळीच्याही खाली बाहेर पडतो आणि वर टोपी आहे. टोपीमुळे हवा खाली वळते आणि शेजाऱ्यांच्या अंगणात उतरते. नवा डक्ट छताच्या आढ्यापासून १ मीटर वर जाणार, तोंड सरळ आभाळाकडे, हवा सेकंदाला १५ मीटर वेगाने बाहेर. म्हणजे ज्यांना वासाचा त्रास होतो तेच या बदलाला विरोध करत आहेत. हे कोणीतरी त्यांना नीट सांगायला हवं.

---
प्रेषक: दादा
मंगळवार, रात्री १०.०५

जुन्याच्या जागी नवा, एवढंच ना? मग परवानगी लागतेच कशाला? बसवून टाकायचा, नंतर बघू.

---
प्रेषक: अण्णा
मंगळवार, रात्री १०.३१

१९९० च्या प्लॅनिंग कायद्याचं कलम ५५ वाचा. दुरुस्ती किंवा सुधारणा केल्यावर इमारतीचं बाहेरचं रूप फारसं बदलत नसेल तर परवानगी लागत नाही. इथे डक्ट जाड होतोय, उंच होतोय, आपला रस्ता कॉन्झर्वेशन एरियात (जुनं रूप जपायच्या भागात) आहे. लागणारच. आधी बसवून मागून अर्ज करता येतो, पण नाकारला तर स्वखर्चाने उतरवा. पूर्वी असं बांधकाम ४ वर्षं टिकलं की कौन्सिलला हात लावता येत नसे. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ती मुदत १० वर्षांची झाली. पब मालकाला असला सल्ला देऊ नका.

---
प्रेषक: वहिनी
मंगळवार, रात्री ११.२०

मी सगळ्या कॉमेंट वाचल्या. तिघांनी लिहिलंय, "वीकेंडला करीचा वास येतो." पबमध्ये रोज फिश अँड चिप्स तळतात त्याबद्दल अवाक्षर नाही! आपण महिन्यातून एकदा मसालेभात करतो त्याचा वास. मला फार लागलं. याला उत्तर द्यायलाच हवं.

---
प्रेषक: काका, स्मेदिकवाले
बुधवार, सकाळी ७.१५

वहिनी, मी बर्मिंगहॅमशेजारी स्मेदिकला आलो तेव्हा जुनी माणसं सांगायची, इथल्या पबमध्ये आपल्याला बसू देत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स इथल्या मार्शल स्ट्रीटवर येऊन गेले ते असल्याच भेदभावापायी. आज त्याच भागात आणि शेजारी वेस्ट ब्रॉमिचला पंजाबी मालकांचे पब आहेत. मिक्स्ड ग्रिलसाठी रांग लागते आणि रांगेत गोरेच जास्त. तेव्हा वासाची लाज बाळगू नका, पण भांडूही नका.

---
प्रेषक: अण्णा
बुधवार, सकाळी ८.०२

वहिनींना उत्तर. किचनच्या वासाचा धोका मोजायची एक गुणपद्धत आहे, कौन्सिलचे पर्यावरण अधिकारी तीच वापरतात. धूर कुठे सुटतो, शेजारी किती जवळ, किचन केवढं आणि काय शिजतं, यांचे गुण. त्यात भारतीय जेवण "जास्त" वर्गात येतं. भरपूर तळण करणारा पब आणि फिश अँड चिप्स त्याच्याही वर, "अति जास्त" वर्गात. हे शांतपणे लिहा, फार उपयोग होईल. गुण ३५ च्या वर गेले की सर्वात कडक गाळणी लागते, ती या अर्जात आहे: आधी तेलकट धूर धरणारा इलेक्ट्रोस्टॅटिक फिल्टर, मग कार्बन. क्रम महत्त्वाचा, कारण तेल बसलं की कार्बन निकामी होतो.

---
प्रेषक: खजिनदार
बुधवार, दुपारी १२.४०

मंडळाच्या नावाने कोणीही लिहू नये, ते कार्यकारिणीचं काम. व्यक्तिशः लिहा. दुसरं, हॉलचं डिपॉझिट मी भरलंय. अर्ज दाखल व्हायला एवढा वेळ का लागला?

---
प्रेषक: ताई (सचिव)
बुधवार, दुपारी १.१५

पबवाल्यांच्या एजंटने मालकीचं सर्टिफिकेट 'ए' भरलं, म्हणजे जागा अर्जदाराचीच. इमारत पब कंपनीची, हे भाडेकरू. मग 'बी' लागतं आणि कंपनीला रीतसर नोटीस. त्यात महिना गेला. निकालाचे ८ आठवडे मोजतात ते अर्ज नीट दाखल झाल्यापासून.

---
प्रेषक: खजिनदार
बुधवार, दुपारी १.२२

म्हणजे निकाल दिवाळीनंतर! मग दिवाळीचं काय? शाळेचा हॉल बघू या का?

---
प्रेषक: वहिनी
बुधवार, दुपारी १.४०

शाळेत तळण करू देत नाहीत. फराळ सगळा घरून आणायचा तर पुन्हा आम्हीच चौघी.

---
प्रेषक: अण्णा
बुधवार, संध्याकाळी ६.१८

शाळा नको. इथे दोन कामं एकत्र झाली आहेत. गॅस बंद पडला तो इंटरलॉकमुळे: पंख्याने हवा पुरेशी ओढली नाही की गॅसचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो. ती सुरक्षा आहे, तिला हात लावायचा नाही. पण पंख्याची मोटर माळ्यावर, आत आहे. आतली मोटर बदलायला प्लॅनिंगची परवानगी लागत नाही. ती दिवाळीआधी बदलून घ्या, तोवर जुना डक्टही आतून साफ करा. मी उद्या जाऊन पब मालकाशी बोलतो.

आणि दादा, मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी पंख्याच्या घरघरीबद्दल लिहिलंय, झोपेची खिडकी अगदी समोर आहे. त्यांचं म्हणणं रास्त आहे. रात्री परिसर शांत असतो, तेव्हाच्या मूळ आवाजापेक्षा पंखा ५ डेसिबलने जास्त झाला तरी तो प्रतिकूल परिणामाचा संकेत धरतात, १० म्हणजे मोठा परिणाम. आपल्या कॉमेंटमध्येच मागा: सायलेन्सर, स्प्रिंगवर बसवलेला पंखा, रात्री ठरावीक वेळेनंतर बंद, फिल्टर बदलल्याची नोंद. अशा अटी घालून परवानगी देता येते.

---
प्रेषक: दादा
बुधवार, संध्याकाळी ७.०५

डक्ट चकचकीत स्टीलचा दिसतोय नकाशात. काळा मॅट रंग मागू का?

---
प्रेषक: अण्णा
बुधवार, संध्याकाळी ७.०९

जरूर मागा.

---
प्रेषक: ताई (सचिव)
बुधवार, रात्री ८.३०

आधीचा मजकूर रद्द. अण्णांनी लिहिलेल्या मुद्द्यांतून ज्याला जे पटेल ते स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत लिहा. "करी" हा शब्द कोणीही वापरू नये. अर्जाचा क्रमांक त्या पिवळ्या कागदावर आहे. मागच्या गल्लीतल्या त्या बाईंना मी आणि वहिनी उद्या नकाशे घेऊन भेटतो. शेवटी निकालाने जे काही होईल ते त्यांच्याच खिडकीसमोर होणार आहे.