‘के ए एल ई’ म्हणजे काळे, काले की कळे? फॉक्सप्रो काकांना उत्तर

तिसरे गेट
काल आपल्या बेळगावच्या फोरमवर फॉक्सप्रो काकांनी ‘३१ वर्षं कोड लिहून जे कळलं’ अशी लांबलचक पोस्ट टाकली. वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: चालतंय त्याला हात लावू नका. एआयनं लिहिलेला कोड म्हणजे हॉटेलातलं जेवण, रोज खाल्लं की पोट बिघडतं. घरून काम म्हणजे अर्धं काम. आणि प्रोग्रामात माणसाचं नाव इंग्रजी कॅपिटलमध्येच ठेवा, मराठी-कन्नडची भानगड आत घेऊ नका. खाली नुसता ‘एकदम बरोबर काका’चा पाऊस. आज माझा रिलीज आहे (आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर पडतेय), तरी लिहायला बसलेय, कारण रात्री झोप लागली नाही.

काका, तुमचं ‘चालतंय’ कुणाच्या जिवावर चालतंय ते सांगा. २००८ला कॉलेजातून ट्रेनिंगला उद्यमबागेतल्या एका कारखान्यात होते. अकाउंटचा प्रोग्राम फॉक्सप्रोत, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डेटाबेसमध्ये. वीज गेली की इंडेक्स, म्हणजे नोंदी शोधायची सूची, मोडायचा. मग सगळ्यांनी आपापल्या मशिनीवरून बाहेर यायचं, एक क्लार्क रीइंडेक्स मारणार आणि बाकीचे चहा पिणार. पावसाळ्यात दिवसाला तीन चहा. त्या क्लार्कला दिवाळीलाही गावाला जाता येत नसे. सॉफ्टवेअर चालत नव्हतं, तो माणूस चालत होता. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती २००४ची, २०१५ला कंपनीनं सपोर्टही बंद केला. अजून किती दिवस खांद्यावर घेऊन फिरायचं?

आणि नावाचं. के ए एल ई लिहिलंत की तो काळे, काले की कळे, हे कॉम्प्युटरला कोण सांगणार? पोवार आणि पवार ही आपल्याकडं दोन वेगळी आडनावं आहेत. ‘भानगड’ नाही ती, माणसं आहेत.

फॉक्सप्रो काका
ताई, तुमचा रिलीज होऊ द्या, मग भांडू. तोपर्यंत एवढंच. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला. मोठमोठ्या पॅकेजवाल्यांनी ‘पॅच येतोय’ म्हणून लोकांना लटकवलं. माझ्या चौदा गिऱ्हाइकांची बिलं २ तारखेला सकाळी निघाली, एचएसएन कोडसकट (मालाच्या प्रकाराचा नंबर). त्याच फॉक्सप्रोतून. तुमच्या त्या क्लाऊडवाल्यांचं काय झालं १९ जुलै २०२४ला? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक चुकीची अपडेट आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशिनी निळ्या पडद्यावर अडकल्या. विमानतळावर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले. माझा एक इंडेक्स मोडला तर एक ऑफिस चहा पितं, तुमचा मोडला की जग चहा पितं.

कॅपिटलबद्दल: १९९४ साली मीही मराठी फॉन्ट घालून पगारपत्रक करून दिलं होतं. तो फॉन्ट नसलेल्या मशिनीवर उघडलं की नुसती चिन्हं, आणि अकारविल्हे लावलं की ‘अ’ शेवटी. मालकानं माझ्या तोंडावर कागद फेकला. त्या दिवसापासून कॅपिटल.

कॅम्पातला
पॉपकॉर्न आणा रे कोणीतरी. नको, आपला बेळगावचा गोड कुंदा आणा.

उद्यमबाग
मी त्या चौदातला एक. काकांना रात्री अकराला फोन केला तर उचलतात. पुण्याच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं, तिथं फोन केला की तिकीट नंबर मिळायचा. कास्टिंगची गाडी गेटवर उभी, ड्रायव्हर शिव्या देतोय, आणि माझ्या हातात तिकीट नंबर. ताई शिकलेल्या आहेत, पण त्या चहावरून हसू नका.

तिसरे गेट
हसत नाहीये मी. फोन काका उचलतात म्हणून तुमचं चालतंय, हेच तर सांगतेय! उद्या काकांना काही झालं (शंभर वर्षं जगोत) तर सोर्स कोड कुठं आहे माहीत आहे तुम्हाला?

उद्यमबाग
काकांकडे.

तिसरे गेट
झालं.

खानापूरकर
तुमचं फॉक्सप्रो राहू द्या. नावाचा विषय काढलासा म्हणून सांगतो. वडील वारले. जुन्या शाळेच्या दाखल्यावर मराठीत विठ्ठल. जमिनीच्या कागदावर कन्नडमध्ये, त्याचं इंग्रजी करताना कोणीतरी शेवटी ‘ए’ लावला, म्हणजे विठ्ठला. आधारवर एकच टी. तीन कागद, तीन बाप. एका कार्यालयात साहेब म्हणाले, तिघंही एकच कशावरून? प्रतिज्ञापत्र, नोटरी, परत प्रतिज्ञापत्र. खानापूर-बेळगाव दहा हेलपाटे, चार महिने. शेवटी आई म्हणाली, ते असते तर स्वतः जाऊन सांगून आले असते. काकांच्या कॅपिटलनं हे सुटलं असतं काय?

फॉक्सप्रो काका
सुटलं असतं. पहिल्या दिवसापासून सगळीकडं एकच स्पेलिंग असतं तर तीन बाप झालेच नसते.

खानापूरकर
पहिल्या दिवशी माझ्या आज्ज्याला इंग्रजी येत नव्हतं ओ काका.

तिसरे गेट
खानापूरकर, तो ‘ए’ कुठून आला ते सांगते, हे रोज बघते मी. आपण ‘विठ्ठल’ लिहितो आणि शेवटचा अ गिळतो. कन्नडमध्ये गिळत नाहीत. कन्नड लिपीत पाटील लिहिलं की ते ‘पाटील-अ’ असं, शेवटच्या ल चा पूर्ण उच्चार करून वाचलं जातं. आता कोणी शहाण्यानं कन्नड-इंग्रजी आपोआप करणारा प्रोग्राम लावला, की पाटीलचा पाटीला, रमेशचा रमेशा. माणूस असता तर त्यानं ए गाळला असता. ज्ञानेश्वरचं तर विचारूच नका. आपण डी-एन लावतो, तिकडं जे-एन, कोणी जी-एन. नाव एकच, पण अक्षराला अक्षर लावून बघणाऱ्या मशिनीला तीन माणसं दिसतात.

आणि नुसतं मराठीतच ठेवलं म्हणून सुटका नाही, हे मी कबूल करते (काका, इथं खूश व्हा). ‘गोऱ्हे’ घ्या. तो ऱ्ह दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात खास ऱ आहे, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारा एक जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला गेलात की एक सापडतो, दुसरा नाही. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं टाइप झालं तर एकसारखं करणं) मारलं तरी हे दोन एक होत नाहीत, वेगळा नियम आपण लिहावा लागतो. मी लिहिलाय. अकरा ओळींचा. अकरा ओळींसाठी आपण माणसांची नावं मोडतोय.

हुबळी लाइन
मी घरी कन्नड बोलणारा, मराठी शाळेसमोर वाढलो, चुकलं तर सांभाळून घ्या. पुण्यात एका कंपनीत रुजू झालो. आमच्यात आडनाव नसतं, इनिशियल असतं. फॉर्म म्हणतो आडनाव किमान दोन अक्षरी पाहिजे. एचआरनं माझ्या गावाचं नाव आडनाव म्हणून टाकलं. मग पगार बँकेत जमा होईना, कारण बँकेत मी वेगळा माणूस. दोन महिने मित्राच्या पैशावर जेवलो. म्हणजे हे फक्त कर्नाटकात मराठीवर होतंय असं नाही. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं स्वतःच्या आळीतली नावं बघून फॉर्म केलेला असतो, बस.

कॅम्पातला
अरे पण आपल्याकडं कागद मराठीत मिळत नाहीत त्याचं काय? ५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं तेव्हापासून…

रात्रपाळी
आलं! ५६ आलं! कुठलाही धागा असू दे, दहाव्या प्रतिसादाला ५६ येतंय. २००४ पासून महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो हितं बसून सुटणार आहे काय?

कॅम्पातला
तुला काय कळतंय, तुझी पोरं इंग्रजी मीडियमला. मी गल्लीत उभं राहून लाठी खाल्लीय.

रात्रपाळी
माझ्या पोरांना मध्ये आणू नकोस. तू लाठी खाल्लीस, आणि तुझ्या दुकानाचा बिलिंग प्रोग्राम कुठल्या भाषेत आहे ते पण सांग की.

कॅम्पातला
…इंग्रजी. मराठीत करून देतो म्हणणारा पोरगा ॲडव्हान्स घेऊन पळाला.

हुबळी लाइन
होगली बिडी (जाऊ द्या). दोघांचं बरोबर आहे. चहा घ्या.

रात्रपाळी
मूळ मुद्द्यावर माझं एक गाऱ्हाणं. काका म्हणाले घरून काम म्हणजे अर्धं काम. मी अनगोळात घरी बसून अमेरिकेच्या वेळेनं काम करतो. संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन, वर महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल. बायको दिवसा ऑफिसला, आम्ही दारात भेटतो. २०२३ला नारायण मूर्तींनी आठवड्याला सत्तर तास म्हटलं तेव्हा मी हिशेब केला, आमच्या सीझनला तेवढे भरतात. तरी शेजारचे आजोबा विचारतात, ‘काय, नोकरी गेली वाटतं?’ पहाटे अलर्ट वाजला की गल्लीतली कुत्री पण जागी होतात. अर्धं काम म्हणे!

फॉक्सप्रो काका
मी दिवसा बसणाऱ्यांबद्दल बोललो होतो. लॅपटॉप उघडा, बाजूला भाजी निवडणं चालू. विशेषतः बायकांना ते सोपं वाटतं.

तिसरे गेट
काका, ही ओळ काढा.

२०२०च्या मार्चमध्ये बेंगळुरूची खोली सोडून टिळकवाडीत आले, कारण आईला पडल्यावर उठवायला कोणी नव्हतं. तिला आंघोळ घालून नऊच्या मीटिंगला बसते. हो, भाजीही निवडते, कॅमेरा बंद करून. त्या पाच वर्षांत एकही रिलीज चुकलेला नाही. बेंगळुरूत रिंग रोडवर दिवसाचे तीन तास जायचे, त्या तीन तासांत तुमच्या मते मी पूर्ण काम करत होते का? उद्यमबागेचा रात्री अकराला फोन उचलता तेव्हा तुम्ही कुठं असता? घरीच ना?

उद्यमबाग
काका, हे मात्र तुम्ही चुकलासा.

फॉक्सप्रो काका
ओळ मागे घेतली. भाजीची आणि पुढचीही. आमच्या घरात ही पोस्ट वाचली गेली आहे आणि आज मला डबा मिळालेला नाही, एवढं पुरे.

पण एआयवर मी हटणार नाही. भाच्यानं गेल्या महिन्यात त्याच्या गोडाऊनचा सगळा प्रोग्राम एआयला सांगून केला. दिसायला झकास. मी विचारलं, गाडीतला अर्धा माल परत आला तर? तो म्हणाला, थांबा, विचारतो. कुणाला विचारतोस? तुझं गोडाऊन, तुझा माल! वापरा की, पण आपल्याच गोडाऊनचा हिशेब दुसऱ्याला विचारायची पाळी आली तर काय राहिलं?

तिसरे गेट
हे मला मान्य आहे. लिहायला जड जातंय, पण मान्य आहे. आमच्याकडं नवीन पोरं एरर आला की वाचतसुद्धा नाहीत, सरळ चिकटवतात. फक्त हॉटेलच्या जेवणाची उपमा नको, मी खानावळीवर वाढलेय.

खानापूरकर
एआयला विठ्ठलचं स्पेलिंग विचारून बघितलं काय कोणी?

तिसरे गेट
बघितलं. चार दिले. सगळे बरोबर म्हणाला.

फॉक्सप्रो काका
त्या अकरा ओळी मला पाठवणार काय? फॉक्सप्रोत युनिकोड बसत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण नवीन दोन गिऱ्हाइकांचं मी पोस्टग्रेसवर (युनिकोड चालणारा डेटाबेस) करून बघतोय. कोणाला सांगू नका. नावाला तीन कॉलम ठेवतो: मराठी, कन्नड, आणि कॅपिटल. कॅपिटल काढणार नाही. ट्रकवाल्याला तेच लागतं.

तिसरे गेट
पाठवते. चौथा कॉलम ठेवा, ‘आधारवर आहे तसं’. खानापूरकरांच्या वडिलांसाठी.

हुबळी लाइन
आडनावाचा कॉलम रिकामा चालू द्या म्हणजे झालं.

उद्यमबाग
हे सगळं छान आहे, पण माझ्या डॉट मॅट्रिक्सची रिबन संपत आलीय आणि बाजारात मिळेना. १३२ कॉलमचा प्रिंटर आहे. कोणाला ठाऊक हाय काय?

फॉक्सप्रो काका
माझ्याकडे चार आहेत. दोन घेऊन जा. येताना ताईंना विचारून ये, आमच्या घरच्यांना त्यांना भेटायचं आहे.