ऑनलाइन सातबारा यशस्वी झाला की नाही, हे मोजायचं कशावर?

बांधावरची:
एम.ए.च्या प्रकल्पासाठी हा विषय घेतला आणि अडकलेय. जो तो डाउनलोडचा आकडा पुढे करतो. पण आमच्या घरचंच बघा. हस्तलिखित उताऱ्यावर आजीच्या नावे ०.४० हेक्टर, ऑनलाइनवर ०.०४. चाळीस आरचे चार आर! आणि तो उतारा मी पंधरा रुपये भरून, डिजिटल सहीसकट, दोन मिनिटांत काढला. आकडेवारीत हे यशच धरलं जाणार ना? मग मोजू काय?

निवृत्त सर्कल:
ताई, डाउनलोड सोडा. तहसीलदारांचे कलम १५५ चे आदेश मोजा. जमीन महसूल संहिता १९६६ मधलं हे कलम लेखनप्रमाद दुरुस्तीचं; टंकताना झालेल्या चुका तिथूनच निस्तरतात. पण आदेश जास्त म्हणजे काम वाईट, असं धरू नका. जिथे चावडीवर लोकांना बसवून उतारे वाचले, तिथे चुका सापडल्या. जिथे वाचलेच नाहीत, तिथे कागदावर सगळं गोड. म्हणून एक गाव घ्या, जुने आणि ऑनलाइन उतारे शेजारी ठेवून शंभर गट ताडून बघा. गटाचं क्षेत्र आणि खातेदारांची बेरीज जुळते का? पोटखराबा, म्हणजे गटातली लागवडीलायक नसलेली जमीन, धरायला विसरू नका, नवखे तिथेच फसतात. (मीही फसलोय, साहेबांच्या समोर.)

निपाणीकर:
उतारा पटकन मिळणं ही सोपी बाजू. खरी गोम फेरफारात, म्हणजे जमिनीचा हक्क बदलला की होणाऱ्या नोंदीत. आमच्याकडे कर्नाटकात 'भूमी' या जमीन नोंदींच्या संगणक प्रणालीमध्ये अर्ज आले त्या क्रमानेच निकाली काढायचे, अशी अट संगणकातच घातली होती. वशिल्याने मधे घुसणं अवघड. तुमच्याकडे अर्जाची आणि नोंद मंजूर झाल्याची तारीख घ्या, हरकतीचे पंधरा दिवस वजा करा. उरलेले दिवस गावागावांत किती बदलतात ते बघा. सरासरी काढू नका, चार रखडलेल्या नोंदी त्यात लपून जातात.

मधलीच शंका:
आणि संगणकाआधी किती दिवस लागायचे, ते कुणी लिहून ठेवलंय का? नाहीतर सुधारणा म्हणायची कशाच्या तुलनेत?

बांधावरची:
जुनी फेरफार वही मिळाली तर त्यात तारखा सापडतील, बघते. काका, सुरुवात आमच्याच गटापासून केली. पोटखराबा धरून बेरीज ३६ आरने कमी. आजीचेच ते! १५५ चा अर्ज सोमवारी देतेय. पोच घेईन, तारखेसकट.